६०० रुपयांसाठी हेलपाटे, आणि २८,००० चा अर्ज राहूनच गेला

इंदूरहून एका काकांचं पत्र आलं आहे. वय ६६, केंद्र सरकारच्या नोकरीतून २०१९ साली निवृत्त, शेवटचा मूळ पगार ६०,०००. मुलगा ३१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. ते लिहितात: 'दिव्यांग पेन्शनसाठी वर्षभर झोन ऑफिसच्या चकरा मारतोय. एजंट म्हणतो, त्यापेक्षा दिव्यांगांची पॉलिसी घ्या. दीड लाख दर वर्षी, १० वर्षं. ८० डीडीखाली (अवलंबित दिव्यांगासाठीची प्राप्तिकर वजावट) कर वाचेल आणि पंधरा वर्षांनंतर मुलाला तहहयात वर्षाला १ लाख. घेऊ का? रामबागेतल्या घराच्या वाटणीचे ५० लाख आलेत, तेही त्याच्याच नावे एफडीत टाकणार आहे. माझी पेन्शन माझ्यानंतर हिला मिळेल, हिच्यानंतर बंदच.'

काका, पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य ते शेवटचं आहे. पेन्शन बंद होत नाही. स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला केंद्राच्या नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळतं. शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १८,०००, वर महागाई भत्ता. आजच्या हिशेबाने महिना २८,००० च्या आसपास, आणि भत्त्याबरोबर वाढत जाणारं. तुम्ही आणि काकू असतानाच मुलाचं नाव पीपीओत, म्हणजे तुमच्या पेन्शनच्या मंजुरी आदेशात, घालून घेता येतं. सहा वर्षं झाली, ते राहिलं आहे. तुमच्यानंतरही अर्ज करता येतो, पण तेव्हा तुमच्या जुन्या कार्यालयाशी पत्रव्यवहार कोण करणार? तो मुलगा?

इथे टक्केवारी पाहून भागत नाही. प्रत्येक सरकारी लाभाची अट वेगळी असते आणि लोक सगळ्यांना 'दिव्यांग पेन्शन' म्हणून एकाच पिशवीत भरतात. केंद्राच्या ३०० रुपयांच्या पेन्शनला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं. तुम्ही दोन्हीत बसत नाही, विषय संपला. मध्य प्रदेशची मदत महिना ६००, वर्षाचे ७,२००. बसत असाल तर समग्र आयडीवर (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक) अर्ज ठेवा, पण त्यासाठी आणखी एक वर्ष घालवू नका. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रात 'या दिव्यांगत्वामुळे उपजीविका करू शकत नाही' असं स्पष्ट यायला हवं. तुमच्या ७५ टक्क्यांच्या कागदावर ते वाक्य आहे का, आजच बघा.

आता ते ५० लाख. मुलाच्या नावे टाकू नका. या पेन्शनला उत्पन्नाचीही अट आहे: मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी हवं. ५० लाखांवर ७ टक्क्यांनी साडेतीन लाख, म्हणजे महिना २९,०००. हक्क २८,००० चा. बापाने मायेने ठेवलेली ठेवच मुलाची जन्मभराची पेन्शन अडवेल, वर एजंटची पॉलिसी त्यात भर घालेल. पैसे तुमच्या आणि काकूंच्या नावे राहू द्या. मृत्युपत्रात मुलासाठी ट्रस्ट करा, विश्वस्त दोन नेमा, आणि किती, कधी खर्च करायचा हे त्यांच्या हाती ठेवा. हे वकिलाकडूनच लिहून घ्या.

पॉलिसीचा हिशेब दोन ओळींचा आहे. दीड लाख दर वर्षी १० वर्षं भरून बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर पंधराव्या वर्षाअखेर साधारण २९ लाख होतात. त्यावर वर्षाला १ लाख म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही. आणि कर कुठला वाचणार? तुमची पेन्शन वर्षाला साडेपाच लाख, ठेवीचं व्याज धरून नऊ. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. (घर विकल्याच्या नफ्याचा कर वेगळा, तो सीएकडून बघून घ्या.) ८० डीडीची ७५,००० ची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते, आणि तिथेही अवलंबित मुलाच्या उपचार, प्रशिक्षण, पुनर्वसनावर खर्च होत असला की पुरे, पॉलिसी लागत नाही. ज्याला कर नाही त्याला करबचत विकायची, आणि तीही अशा मुलाच्या बापाला, याची मला चीड येते. सही करू नका.

मुलगा १८ चा झाला त्या दिवशी तुम्ही कायद्याने त्याचे पालक राहिला नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. कलेक्टर तिच्यावर असतात. तिथेच निरामय आरोग्य विम्याची चौकशी करा: वर्षाला १ लाखापर्यंत, वैद्यकीय तपासणीशिवाय, थोड्याशा शुल्कात.

या आठवड्यात मात्र एकच काम. जुन्या कार्यालयाला पत्र लिहा: पीपीओत मुलाचं नाव घाला, आणि आमच्यानंतर त्याच्या वतीने पेन्शन कोणी घ्यायची त्याचं नामनिर्देशन सोबत जोडलं आहे. मुलाचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, काकूंची सही. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.