अर्धवट स्वेटरांच्या पिशव्या

“सगळं हौसेनं सुरू करते आणि मध्येच टाकते. माझ्यात चिकाटीच नाही का हो?” निवृत्तीनंतर विणकाम-शिवणकामाकडे वळलेल्या बऱ्याच जणी माझ्याकडे सल्ल्याला येऊन हे विचारतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका काकूंची हकिकत सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

काकूंच्या दिवाणात पिशव्याच पिशव्या. एकीत नातवाचा निळा स्वेटर, बगलेपर्यंत येऊन थांबलेला. कुठे क्रोशाचा टेबलक्लॉथ, कुठे गोधडीसाठी जपलेल्या सुती साड्या. काकांचं ठरलेलं वाक्य: “पुन्हा लोकर? मेळ्यात हवे तेवढे स्वेटर मिळतात.” शेवटी काकूंना दिवाण उघडायचंच नकोसं झालं.

पहिल्या भेटीत मी लोकरीचा विषय फारसा काढला नाही. झोप, भूक, माणसांत मिसळणं याबद्दलच विचारलं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ रोजच मन उदास असेल, कशातच लागत नसेल, तर ते हौशीपुरतं नसतं. तिथे मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. काकूंचं तसं नव्हतं. भजनी मंडळ, नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं मजेत चाललं होतं. पिशव्या तेवढ्या छळत होत्या.

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. पुढे सगळ्याच संशोधकांना तसं आढळलं नाही. पण काकूंनी विणून दिलेल्या डझनभर टोप्या त्यांच्या हिशेबातच नव्हत्या, हे मात्र मी समोर बघत होते.

पुढच्या वेळी त्या पिशव्या घेऊन आल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न: हे काम कोणत्या महिन्यात थांबलं?

बहुतेक लोकरकाम होळीच्या आगेमागे थांबलेलं निघालं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. कूलरसमोर बसलं तरी बोटांना घाम येतो, लोकर चिकटते, टाका सुईवरून सरकत नाही. अशा वेळी सुया खाली ठेवणाऱ्या बाईला मी आळशी म्हणणार नाही. फक्त ठेवताना नीट ठेवावं. टाके एका सुती दोऱ्यावर ओवून घ्यावेत आणि चिठ्ठीवर सुईचा नंबर, टाक्यांची संख्या, पुढची ओळ सुलट की उलट एवढं लिहावं. नाहीतर दिवाळीनंतर हात वेगळा पडतो, वीण घट्ट-सैल होते आणि काम पुन्हा बाजूला पडतं. उन्हाळ्यात गोधडीचे तुकडे जोडता येतात, मांडीवर भार नसतो. थर घालून धावदोरा भरायला घ्यायचा तो पावसाळा सरताना. काकूंना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या आईचं असंच चाले. पण त्याला कुणी अर्धवट म्हणत नसे.

निळा स्वेटर मात्र जानेवारीत थांबला होता. पहाटे हाडं गोठवणारी थंडी, विणायचा ऐन मोसम, आणि तेव्हाच सुया खाली? काकू जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सूनबाई फोनवर म्हणाली, आई, त्याला लोकर टोचते हो. त्यानंतर हात चालेचना.”

म्हणजे चिकाटीचा प्रश्नच नव्हता, लागलं होतं. आणि लागलेलं बोलून दाखवण्यापेक्षा स्वतःला आळशी म्हणणं त्यांना सोपं गेलं. हे मी बायकांमध्ये फार पाहते. मी त्यांना सुनेला सरळ विचारायला सांगितलं: कुठे टोचते? दोन आठवडे त्यांनी टाळलं, मग विचारलं. उत्तर आलं, “गळ्याशी. बाकी काही नाही.” गळ्याला आतून मलमलीची पट्टी लावता येते. पण तोवर पोरगं वाढलेलं. मग काकूंनी स्वेटर उसवला, लोकरीची लडी करून धुतली, वळ्या जाव्यात म्हणून लटकवून वाळवली आणि एक माप मोठा धरून नव्याने टाके घातले.

टेबलक्लॉथचं काय, विचारलं तर हसल्या. “तो दोरा जाऊबाईंनी दिला म्हणून घेतला. मला तो रंगच आवडत नाही.” तो त्यांनी क्रोशा शिकणाऱ्या शेजारच्या मुलीला, सुईसकट, देऊन टाकला.