आउश्वित्झला जावं, की चित्रपट पुरे?

दहावीतल्या मुलीला घेऊन बर्लिन आणि पोलंडमधल्या क्राकोवला जाताय. 'शिंडलर्स लिस्ट' घरी बघून झालाय, मग क्राकोवजवळच्या आउश्वित्झला, म्हणजे नाझींच्या मृत्यूछावणीच्या जागी आता असलेल्या संग्रहालयात, न्यायची गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते न्याच. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालयच सांगतं, तुमची लेक त्या वयाच्या पुढे आहे. फक्त सुरुवात आउश्वित्झपासून न करता बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनापासून करा.

ग्रुनेवाल्ड म्हणजे झाडीतल्या सुखवस्तू भागातलं लोकलचं साधं स्टेशन. तिथल्या १७ नंबरच्या रुळावरून बर्लिनच्या ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं जायचं. तो रूळ आता बंद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना १८६ पोलादी पत्रे बसवलेत आणि प्रत्येकाच्या कडेवर एकच ओळ आहे: तारीख, ज्यूंची संख्या, बर्लिनहून कुठे. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ची, पोलंडमधल्या लोजला गेलेली. कुठे हजाराच्या घरातले आकडे, तर कुठे नुसतेच १००, ५०. हे छोटे आकडे बहुतेक आताच्या चेक देशातल्या तेरेझिनच्या छावणीत पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. त्यांचे डबे अनहाल्टर स्टेशनात रोजच्या प्रवासी गाडीला जोडले जायचे. भर शहरात, इतर उतारूंच्या देखत. मुलीला त्या ओळी सावकाश वाचू द्या, घाई करू नका. ब्रांडेनबुर्ग गेटजवळचं २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक तुम्ही बघालच, पण त्याच्या खालच्या माहिती केंद्रातही उतरा. वर एकही नाव नाही. खाली माणसांची पत्रं, रोजनिश्या, घरादाराचे फोटो आहेत.

ग्रुनेवाल्डनंतर क्लोद लांझमान यांच्या 'शोआ'मधला (१९८५) एक भाग तिला दाखवा. हा माहितीपट साडेनऊ तासांचा आहे आणि त्यात जुनं चित्रण अजिबात नाही, फक्त माणसं बोलतात आणि आजच्या जागा दिसतात. सगळा दाखवायची गरज नाही. इतिहासकार राउल हिल्बर्ग रेल्वेचा एक कागद हातात घेऊन समजावतात, तेवढा पुरे. तो कागद म्हणजे ट्रेब्लिंका या मृत्यूछावणीला जाणाऱ्या गाडीचं वेळापत्रक: जाताना ५० डबे भरलेले, येताना रिकामे. मग हिशेब येतो. माणशी, किलोमीटरमागे तिसऱ्या वर्गाचं भाडं. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसं असली तर सवलत. पहारेकऱ्यांचं जाऊन-येऊन भाडं आणि कैद्यांचं फक्त जाण्याचं. बिलं बघायला सहलींची तिकिटं काढणारीच कंपनी होती. आपण सगळेच लहानपणापासून अर्ध्या तिकिटाचा हिशेब करत आलोय, म्हणून हा भाग मला कुठल्याही हिंसेच्या दृश्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतो. हे काम चारदोन माथेफिरूंनी उरकलेलं नाही. त्याला कारकून लागले, स्टेशनमास्तर लागले, सही करणारे साहेब लागले. आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र यशाच्या गुरुकिल्ल्यांशेजारी मांडलेलं असतं आणि 'माणूस वाईट, पण शिस्त होती' हे वाक्य मुलं सहज बोलून जातात. ती शिस्त कशी होती हे त्या कागदावर दिसतं.

'शिंडलर्स लिस्ट' मला आवडतो. पण ती वाचलेल्या सुमारे अकराशे लोकांची गोष्ट आहे, आणि मारले गेले साठ लाख. आणखी एक: बिर्केनाऊच्या, म्हणजे आउश्वित्झच्याच दुसऱ्या छावणीच्या, आत चित्रीकरण करायला विरोध झाला, तेव्हा फाटकाच्या बाहेरच्या बाजूला छावणीचा देखावा उभारून गाडी येण्याचा प्रसंग घेतला. खरा फलाट फाटकाच्या आत आहे. १९४४च्या मे ते जुलैमध्ये जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीहून चार लाखांवर ज्यू इथे आणले गेले, आणि बहुतेकांना त्याच दिवशी मारलं. त्या मैदानाचा विस्तार पडद्यावर मावत नाही. इथल्या गॅस चेंबरचे मात्र ढिगारेच दिसतील. जानेवारी १९४५ मध्ये पळून जाताना नाझींनीच त्यातले बहुतेक सुरुंगाने उडवले.

मुख्य छावणीत बॅगांच्या काचेपाशी थांबा. पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव, कुणाची जन्मतारीख, कुणाचा पत्ता. सामान नंतर परत मिळेल असं सांगितलं होतं, म्हणून लोकांनी ते नीट रंगवून लिहिलं. पुढे कापलेल्या केसांची खोली आहे. तिथे फोटो काढायला बंदी आहे. मुलगी आत जायला नको म्हणाली तर आग्रह करू नका.

शाळांमधून दाखवला जाणारा 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' मात्र टाळा. ज्या कादंबरीवरून तो केलाय ती अभ्यासासाठी वापरू नये, असं खुद्द आउश्वित्झ संग्रहालयाने २०२० मध्ये म्हटलंय. त्यातल्या छोट्या ज्यू मुलाच्या वयाच्या बहुतेक मुलांना गाडीतून उतरल्या उतरल्या मारत. गोष्टीतल्यासारखं कुंपणाशी निवांत गप्पा मारत बसणं तिथे शक्यच नव्हतं. परत आल्यावर 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) एकत्र बघा. छावणीप्रमुख ह्योसचं भिंतीला लागून असलेलं घर, बाग, मुलं. छावणीच्या आतलं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. जागा बघून आलेल्याला तो जास्त कळतो.

कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही पोलिश लोकांची छावणी होती, तोही विषय कुणीतरी काढलाय म्हणून थोडक्यात: त्या छावणीत १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेले पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना स्टालिनच्या राजवटीने देशोधडीला लावलं होतं. तोही इतिहास मोठाच, पण वेगळा.

आता व्यवहाराचं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी आधीच करा, उन्हाळ्यात जागा लवकर संपतात. नोंदणी नावानिशी असते, पासपोर्ट जवळ ठेवा. बॅग अगदी छोटी. वाटाड्या घ्याच. मुख्य छावणी आणि बिर्केनाऊ यांच्यात तीनेक किलोमीटर अंतर आहे, फुकट बस असते. क्राकोवचे टूरवाले आउश्वित्झ आणि व्येलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात उरकायचं पॅकेज गळ्यात मारतात. ते घेऊ नका. खाण दुसऱ्या दिवशी बघा आणि ती संध्याकाळ मुलीशी बोलायला मोकळी ठेवा. तिला बोलायचं नसेल, तरीही.