वडिलांनी बांधलेलं घर पोर्टफोलिओत घाल

प्रश्न : वडील गवंडी आहेत, सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करतो. गाव कोरेगाव तालुक्यात. मी बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात इंटर्नशिप. वर्गातली मुलं पुण्या-मुंबईला चाललीत. माझी कुठे ओळख नाही, पोर्टफोलिओत (आपल्या निवडक कामांच्या संचात) दाखवण्यासारखंही काही नाही. साताऱ्यातच करू का? चुलत बहीण बारावीला आहे, तिलाही आर्किटेक्चर करायचंय.

उत्तर : 'दाखवण्यासारखं काही नाही' हे मला अजिबात पटलं नाही. सुट्टीत वडिलांच्या हाताखाली काम करतोस, असं तूच लिहिलंयस. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून भिंत सरळ उभी आहे का ते बघायला तू कॉलेजात जायच्या आधीच शिकलास की! वडिलांनी बांधलेलं एखादं घर टेप घेऊन मोज. प्लॅन काढ, जिन्यातून सेक्शन (उभा छेद) काप, पायरीची उंची किती ते लिही. जिना चढताना आजीला दम का लागतो, हे त्या आकड्यावरून कळेल. मग एखाद्या रविवारी साताऱ्याजवळच्या लिंब गावी जा आणि बारा मोटेच्या विहिरीची मापं घे. अठराव्या शतकातलं हे दगडी काम तुझ्या गावापासून फार लांब नाही. ही दोन कामं हाताने काढून पोर्टफोलिओत पहिल्या पानांवर लाव, कॉलेजचे प्रोजेक्ट त्यानंतर.

सातारा जरूर निवड, पण पुण्याच्या धास्तीने नको. चार-पाच ऑफिसांत स्वतः जा. तिथले आर्किटेक्ट कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे आधी बघ. नाहीतर तुझं सत्र धरलं जाणार नाही. दुसरं विचार, 'साइटवर नेणार का?' लहान ऑफिसात मंजुरीचे नकाशे, सेंट्रिंगची (काँक्रीट ओतण्याआधी बांधतात त्या साच्याची) तपासणी, स्लॅबचा दिवस, सगळं एकाच सत्रात बघायला मिळू शकतं. मोठ्या ऑफिसात वर्किंग ड्रॉइंगची (प्रत्यक्ष बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांची) शिस्त लागते, तीही मोलाची. तरी तुझ्यासाठी मी साइटलाच झुकतं माप देईन. तिथली भाषा तुला घरातूनच येते.

बहिणीला सांग : बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. प्रवेशासाठी नाटा ही आर्किटेक्चरची परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. कोर्स 5 वर्षांचा. आतापासून रोज एक स्केच, घरातल्या वस्तूचं, समोर ठेवून.

ऑफिस ठरलं की रुजू होण्याआधी कॉलेजकडून लेखी मंजुरी घे. विद्यावेतनाचंही पहिल्याच भेटीत विचार, संकोच करू नकोस.