डाफ्ट पंकला एवढं थोर का मानतात? बटणं दाबून वाजवण्यात कसलं आलंय कसब? आणि नवख्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

"बटणं दाबून" हे तुम्ही सहज लिहिलंत, पण आमच्या घरात याच दोन शब्दांवरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. (डाफ्ट पंक म्हणजे यंत्रांवर नाचाचं संगीत करणारी फ्रेंच जोडी.)

माझे काका ढोलकी वाजवायचे. लालबाग-परळच्या ऑर्केस्ट्रांत, दामोदर हॉलपासून गणपतीच्या मांडवांपर्यंत. पुढे ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आला, मग कीबोर्डवाल्याच्याच बोटाखाली रिदम आला आणि तीन वादकांच्या नाईटचे पैसे एकावरच भागायला लागले. काकांच्या सुपाऱ्या आटल्या. अशा घरात मी कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी' अल्बमची सीडी आणून मोठ्याने लावली. काकांनी दोन मिनिटांत निकाल दिला: "हा ठेका नाही, ही गिरणी आहे. धाड धाड धाड धाड. सम कुठाय यात?"

सम शोधायचीच नसते. हाऊस म्हणजे डाफ्ट पंक करायचे तो नाचाच्या संगीताचा प्रकार; त्यात किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, प्रत्येक मात्रेवर पडते. गंमत तिच्या वर चालते. 'होमवर्क' (१९९७) हा त्यांचा पहिला अल्बम पॅरिसमध्ये दोघांपैकी एकाच्या, तोमा बांगाल्तेरच्या, झोपायच्या खोलीत झाला. त्यात रोलँडचं ९०९ आहे, १९८३ साली निघालेलं आणि खपत नाही म्हणून लवकरच बंद झालेलं ड्रम मशीन. त्यांची पद्धत ऐकायला सोपी: जुन्या डिस्को रेकॉर्डचा दोन-चार सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवायचा, फिल्टरने वरचा आवाज कापून नुसती घुमार ठेवायची, मग नॉब हळूहळू उघडत न्यायचा. कधी उघडायचा, ऐकणाऱ्याला किती तंगवायचं, हे बटणाला कळत नाही. तिथे हात लागतो आणि कानही लागतो.

'अराउंड द वर्ल्ड'मध्ये तेच तीन शब्द १४४ वेळा येतात. काका म्हणाले, "तेच तेच काय?" मी म्हटलं, एकादशीला तुमच्या मंडळात विठ्ठल विठ्ठल गजर अर्धा तास चालतो, तेव्हा कुणी शब्द मोजतं का? लय कशी चढते तेच ऐकता ना? यावर काका चहा टाकायला उठले. म्हणजे मुद्दा वर्मी लागला होता.

मग २०१३ साली 'रँडम ॲक्सेस मेमरीज' आला. त्यातलं 'जॉर्जिओ बाय मोरोडर' मी मुद्दाम लावलं. नऊ मिनिटांचं आहे, सुरुवातीला जुना डिस्को संगीतकार जॉर्जिओ मोरोडर नुसता बोलतो. काका ताटात पावटे सोलत बसले होते, लक्ष नसल्यासारखे. शेवटाकडे ड्रम्स सुटतात तिथे त्यांचा हात थांबला. ताटाच्या कडेवर करंगळी आणि अंगठा चालायला लागले, आधी बरोबरीत, मग दुगुनीत. म्हणाले, "हा माणूस आहे."

होता. ओमार हकीम. मी नाव सांगितलं, फोटो दाखवला, डाफ्ट पंकच्या दोघांचाही, रोबोटची हेल्मेटं घातलेला, दाखवला. "मग यांनी डोक्यात डबे का घातलेत?" आणि लगेच, "बघ, पैसा आल्यावर त्यांनाही वाजवणारा माणूसच लागला ना!" तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं जातं, जणू मी हरलो.

हरलो कसा? लोक लॅपटॉपवर सगळं उरकत होते, त्या काळात या मशीनवाल्यांनीच हकीम आणि जॉन रॉबिन्सनला ड्रम्सवर बसवलं, नाइल रॉजर्सच्या हातात गिटार दिली. २०१४ साली त्याच अल्बमला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ज्यांना मशीन खरंच कळतं त्यांना माणूस कुठे लागतो तेही कळतं. काकांचं काम ऑक्टोपॅडने घालवलं नाही. ऑक्टोपॅडला पैसे वाचवायचे नव्हते, ऑर्केस्ट्राच्या मालकाला वाचवायचे होते. हे मी काकांना दहा प्रकारे सांगून झालंय. ते मालकाला अजून "भला माणूस" म्हणतात आणि शिव्या माझ्या स्पीकरला देतात.

बरं, कुठून सुरुवात करायची. 'अलाइव्ह २००७'. पॅरिसच्या बेर्सीमधला लाइव्ह कार्यक्रम आहे, त्यात त्यांनी स्वतःचीच गाणी एकमेकांत मिसळली आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर राहू द्या, बेसच येत नाही. मग 'होमवर्क' अखंड ऐका. 'गेट लकी' सगळ्यात शेवटी, लग्नाच्या हॉलांनी ते वाजवून वाजवून झिजवलंय. 'ह्यूमन आफ्टर ऑल' हा अल्बम सहा आठवड्यांत उरकलेला आहे आणि तसाच वाटतो (तीच गाणी 'अलाइव्ह'मध्ये मात्र आग लावतात). प्रत्यक्ष बघायची आशा सोडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघांनी दुकान बंद केलं.

आणि एक गोष्ट, प्रामाणिकपणे सांगायलाच हवी म्हणून. 'वन मोअर टाइम'मधला तो ब्रासचा तुकडा एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या १९७९ च्या गाण्यातला आहे. २०२१ मध्ये बातमी आली की इतक्या वर्षांत त्याला त्यातून एक पैसा मिळाला नव्हता. डाफ्ट पंककडून पैसे जात होते, पण ते हक्क असलेल्या कंपनीकडे. गायकापर्यंत काही पोचलंच नाही.

ही बातमी काकांना अजून कळलेली नाही. तुम्ही लालबागचे असाल तर कृपया सांगू नका.