सैद्धांतिक जीवशास्त्र आणि विज्ञानाचा इतिहास, दोन्ही एकत्र करता येतं का?

तुमचं एम.एस्सी. गणितात झालंय, पीएचडी सैद्धांतिक जीवशास्त्रात, म्हणजे जीवशास्त्राचे प्रश्न गणिताने सोडवण्यात, करायची आहे, पण ओढ विज्ञानाच्या इतिहासाची. तर एक सोडावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करतो. सोडावं लागत नाही. मात्र आधी गणित पक्कं करा.

मला ही वाट एका अमीबामुळे सापडली. डिक्टिओस्टेलियम नावाचा हा जीव मातीत राहतो. खायला जिवाणू आहेत तोवर प्रत्येक पेशी एकटी असते. अन्न संपलं की हजारो पेशी, कधी लाखभर, एका जागी जमतात. त्यांचा एक सरपटणारा गोळा होतो, मग देठ उभा राहतो आणि टोकाला बीजाणू धरतात. देठातल्या पेशी, साधारण पाचांतली एक, त्यात मरतात. जमण्याचा निरोप सायक्लिक एएमपी हा रेणू देतो, हे १९६७ मध्ये कळलं. मग प्रश्न आला, पहिली हाक कोण देतं? काही खास 'पेसमेकर' पेशी असणार, असं अनेकांनी धरून चाललं होतं. १९७० मध्ये एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगल यांनी समीकरणं मांडून दाखवलं की म्होरक्या लागतच नाही. सगळ्या पेशी अगदी सारख्या धरल्या, तरी या निरोपाच्या रसायनाकडे त्यांची ओढ एका मर्यादेपलीकडे वाढली की एकसारखं पसरलेपण टिकत नाही. पुंजके आपोआप होतात.

गणितज्ञांनी हे मॉडेल उचलून धरलं, आजही त्यावर काम चालू आहे. जीवशास्त्रात मात्र पेसमेकरची कल्पना बराच काळ घट्ट राहिली. १९८३ मध्ये केलर यांनी त्यावरच निबंध लिहिला: म्होरक्याची कल्पना आपल्याला इतकी का पटते? प्रश्न इतिहासाचा, पण ज्याने ते समीकरण स्वतः हाताळलंय त्यालाच तो इतक्या नेमकेपणाने विचारता येतो. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी तो निबंध वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. केलर मुळात हार्वर्डच्या भौतिकशास्त्रातल्या पीएचडी. त्याच १९८३ मध्ये त्यांनी लिहिलेलं जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं चरित्र आलं, आणि त्याच वर्षी मॅक्लिंटॉकना नोबेल मिळालं. पुढे केलर एमआयटीत विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवत होत्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असताना त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर मोजण्याचं सूत्र दिलं, १९४४ मध्ये ते छापून आलं, आणि 'कोसंबी फंक्शन' म्हणून ते अजून वापरात आहे. त्यांचा इतिहास विज्ञानाचा नव्हता, भारतीय समाजाचा होता. पण जुन्या नाण्यांची वजनं घेऊन संख्याशास्त्राने त्यांचा काळ लावायचा, ही त्यांची रीत मला फार जवळची वाटते.

अडचणीही सांगतो. मुलाखतीत मला विचारलं गेलंय, 'तुम्ही नक्की कुठल्या विभागाचे?' एका ज्येष्ठांनी सांगितलं, इतिहास निवृत्तीनंतर करा. तो सल्ला ऐकू नका. जुनी पत्रं, टिपणवह्या वाचायची सवय लागायला वर्षं जातात, आणि ज्यांनी ते काम केलं ती माणसं तोवर थांबत नाहीत. बंगळुरूला एनसीबीएस या जीवविज्ञानाच्या संशोधन संस्थेत आधुनिक भारतीय विज्ञानाचं अभिलेखागार २०१९ पासून खुलं आहे. एक आठवडा काढून तिथे बसा.

आणि पीएचडी लागली की तुमच्या मॉडेलमधलं एकच गृहीतक निवडा, जे सगळे न विचारता वापरतात. ते पहिल्यांदा कुठल्या निबंधात आलं ते शोधा आणि तेव्हा लेखकाने त्यासाठी काय पुरावा दिला होता ते लिहून काढा. माझा इतिहासातला पहिला शोधनिबंध असाच, प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातल्या एका ओळीतून निघाला.