घुमट आणि गिटार

प्रश्न: चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या म्हणणारं आमचं पथक नि मित्रांचा रॉक बँड एकत्र वाजवायला बसलो, पार विचका झाला! मोठ्यांचंही असं होतं का हो? – एक वाचक, फोंडा

उत्तर: होतं की! रॉक गायक लू रीड आणि मेटॅलिका हा दणदणीत रॉक बँड २००९ मध्ये न्यूयॉर्कला एका कार्यक्रमात एकत्र वाजवले, तेवढ्यावर २०११ ला ‘लुलू’ हा डबल अल्बम काढला आणि दोघांच्याही बऱ्याच चाहत्यांनी तोंडं वाकडी केली. रीड तिथं गातो कमी, बोलतोच जास्त, तेही मनाला येईल तिथं थांबत, आणि खाली मेटॅलिकाचे जड रिफ (गिटारचे पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे) आपले एकसारखे दणदणत राहतात, कोण कुणासाठी थांबतंय तेच कळत नाही (मला त्यातला शेवटचा लांबलचक ट्रॅक आवडतो, हसा खुशाल). तुमचं बहुतेक आवाजाचंच गणित चुकलंय, अँपपुढे घुमटाचा घुमारा कसा ऐकू येणार? आधी घुमटाला माईक लावा, ड्रमवाल्याला चार आरत्या नुसत्या ऐकत बसवा.