ऑफर लेटरवर सही कोणत्या तारखेला केलीत?

कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या नॉमिनेशनवर (प्रांताने केलेल्या निवडीवर) पीआर, म्हणजे कायम राहायचा हक्क, मिळालेल्या एका वाचकाचं पत्र आहे. मे २०२२ मध्ये पत्नी आणि मुलीसह टोरांटो विमानतळावर लँडिंग (पीआर म्हणून अधिकृत प्रवेश), तिथून सास्काचेवानची राजधानी रिजायना. तिथे सात आठवडे भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहिले आणि जुलैत नोकरीसाठी ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागाला आले, ते आजतागायत तिथेच. आता नागरिकत्वाचा अर्ज केल्यावर आयआरसीसीने, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, विचारलं आहे की तुम्ही सास्काचेवानमध्ये स्थायिक का झाला नाहीत. उत्तराला ३० दिवस दिले होते, त्यातले १७ पुण्यातल्या एजंटाच्या फोनची वाट बघण्यात गेले. एजंटाचं म्हणणं, "चार्टरचं कलम ६ लिहून पाठवा, विषय संपला." थोड्याफार फरकाने हीच हकिगत मला सतत येते, म्हणून जाहीर उत्तर देतो आहे.

विषय संपत नाही. एजंट म्हणतो तो कायदा खरा आहे. कॅनडाच्या प्रत्येक नागरिकाला आणि परमनंट रेसिडेंटला कोणत्याही प्रांतात राहायचा आणि तिथे पोट भरायचा हक्क १९८२च्या चार्टरने, म्हणजे राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेने, दिलेला आहे. तुम्ही आज मिसिसागात राहता यावर कोणाचाही आक्षेप असू शकत नाही. पण आयआरसीसीच्या पत्रात ते विचारलेलंच नाही. तुम्ही पाठवलेली त्या पत्राची स्कॅन केलेली प्रत मी दोनदा वाचली. त्यात लँडिंगच्या वेळी तुमचा हेतू काय होता, असं विचारलंय.

इमिग्रेशनच्या नियमांमध्ये कलम ८७ आहे. नॉमिनेशनवर येणाऱ्याचा नॉमिनेट करणाऱ्या प्रांतात राहायचा हेतू असला पाहिजे, अशी त्यात अट आहे. त्याच नियमांचं कलम ५१ सांगतं की व्हिसा मिळाल्यावर महत्त्वाची परिस्थिती बदलली असेल, तर लँडिंग करताना अधिकाऱ्याला ते सांगायचं. आता चार्टरचं कलम पुन्हा वाचा. तो हक्क परमनंट रेसिडेंटचा आहे, आणि तुम्ही परमनंट रेसिडेंट झालात विमानतळावर अधिकाऱ्याने कागदावर सही केली तेव्हा. त्याआधी मनात काय होतं, त्याला चार्टर संरक्षण देत नाही. लँडिंगनंतर मन बदललं तर तुम्ही मोकळे. आधीच बदललं होतं आणि गप्प राहिलात, तर ती माहिती दडवणं झालं.

म्हणून तुमच्या चार पानी पत्रातलं मला अर्धंच वाक्य महत्त्वाचं वाटतं, आणि तेही तुम्ही जाता जाता लिहिलंय: "मिसिसागाच्या कंपनीशी पुण्यात असतानाच व्हिडिओवर बोलणं झालं होतं, ऑफर लँडिंगच्या आसपास आली." आसपास म्हणजे कधी? बेसमेंटचं भाडं, मुलीच्या शाळेची चौकशी, रिजायनातली थंडी यावर तुम्ही पानं भरलीत आणि ज्या तारखेवर तिघांचं इथलं राहणं अवलंबून आहे ती मोघम सोडलीत. आज रात्री मेलबॉक्स उघडा. ऑफर आली कधी, तुम्ही स्वीकारली कधी, रुजू व्हायची तारीख कधी ठरली, हे तिन्ही शोधा आणि लँडिंगच्या कागदावरच्या तारखेशेजारी लिहून काढा. त्याच कागदांत आणखी एक गोष्ट बघा. पीआर कार्ड पोस्टाने यावं म्हणून विमानतळावर तुम्ही कोणता पत्ता दिला होता? रिजायनाचा असेल तर तुमच्या बाजूचा पुरावा आहे. मिसिसागातल्या मित्राचा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर आधीपासूनच असणार, आणि का दिला याचं खरं कारण सांगावं लागेल.

ऑफर लँडिंगनंतर स्वीकारली असेल, तर तुमची बाजू बरी आहे. पुण्यातून एका मुलाखतीला बसणं म्हणजे सास्काचेवानला न राहायचं ठरवणं नव्हे, माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. पण ही मुलाखत उत्तरात स्वतःहून सांगा. ती लपवलीत आणि नंतर उघड झाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. सोबत रिजायनात प्रयत्न केल्याचे कागद लावा. तुम्ही लिहिता की तिथे नोकरीसाठी बरेच अर्ज केले, पण मेल्स "जागा मोकळी करायला" डिलीट केल्या. स्थलांतरित माणसाने पहिल्या वर्षाचा एकही कागद टाकायचा नसतो, हे किती वेळा लिहायचं? असो. लिंक्डइन आणि इंडीडवर तुमच्या खात्यातल्या अर्जांची नोंद अजून सापडू शकते, ती उतरवून घ्या. बँकेकडून मे ते जुलैचं स्टेटमेंट मागवा. त्यात घरमालकाला पाठवलेलं भाडं आणि रिजायनातल्या दुकानांमधला खर्च दिसेल. सास्काचेवानचं हेल्थ कार्ड काढलं असेल तर त्याची प्रत, घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी, नकाराचं एखादं पत्र मिळालं तर तेही जोडा.

सात आठवडे पुरेसे आहेत का, असं तुम्ही विचारलंय. कायद्यात किमान मुदत लिहिलेली नाही. "दोन वर्षं राहायला लागतं" आणि "एक दिवस पुरतो" ही दोन्ही सांगोवांगी आहे. कोणी तीन आठवड्यांत निघूनही प्रामाणिक ठरू शकतो आणि कोणी वर्षभर राहूनही ठरत नाही. आठवड्यांपेक्षा त्या काळात काय केलंत, हे जास्त बघितलं जातं.

ऑफर लँडिंगच्या आधी स्वीकारली असेल, तर स्वतः एक ओळही लिहू नका. ओंटारियोत इमिग्रेशनची कामं करणारा वकील याच आठवड्यात गाठा. प्रश्न मग इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४०चा होतो. महत्त्वाची माहिती चुकीची देणं किंवा दडवणं हा त्याचा विषय आहे. "एवढ्याने काय फरक पडला असता" असं म्हणून सुटता येणार नाही. तुम्ही एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड होणाऱ्या पद्धतीतून, आलात, आणि तिथे नॉमिनेशनचे ६०० गुण मिळतात. ते नसते तर तुमचा नंबर लागला नसता, हे तुम्हीच पत्रात कबूल केलंय. प्रकरण अशी सुनावणी करणाऱ्या इमिग्रेशन डिव्हिजनकडे गेलं आणि निकाल विरोधात लागला, तर हद्दपारीचा आदेश निघतो आणि तो अंमलात आल्यापासून ५ वर्षं परत येता येत नाही. पत्नी आणि मुलगी तुमच्याच अर्जावर आल्या आहेत, त्यांचंही स्टेटस त्यात ओढलं जाऊ शकतं. आणि नागरिकत्व मिळालं की सुटलो, असंही समजू नका. खोट्या माहितीवर मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं.

तरी तिथे सगळं संपतं असं नाही. आदेश निघाल्यावर ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं, आणि तो आदेश अंमलात येईपर्यंत तुमचा पीआर कायम असतो. कायद्याने चूक ठरली तरी अपीलात माणुसकीच्या आधारावर दिलासा मिळू शकतो. मुलीचं हित, इथे बसवलेली घडी, झालेल्या चुकीची कबुली, हे सगळं तिथे मांडता येतं. किती मिळेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. एक मात्र नक्की सांगतो: ज्याने पहिल्याच उत्तरात खोटं लिहिलं, त्याच्या कबुलीला पुढे फारसं वजन राहत नाही. ऑफरची तारीख मागे-पुढे करून लिहा, असं एजंटाने सुचवलं तर फोन ठेवून द्या. पैसे घेऊन असा सल्ला द्यायला कॅनडात वकील किंवा परवानाधारक कन्सल्टंट असावं लागतं. तुमच्या एजंटाकडे परवाना आहे का, हे त्याला पैसे देण्याआधी तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आयआरसीसीबद्दलही लिहायला हवं. तुमचा ओंटारियोचा पत्ता आणि टॅक्स रिटर्न सरकारच्या दप्तरी इतकी वर्षं आहेत. लँडिंगच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारला असता, तर मेल्स हाताशी होत्या आणि घरमालकाला सगळं आठवत होतं. इतक्या वर्षांनी विचारायचं आणि उत्तराला महिना द्यायचा, हे अन्यायाचंच आहे. पण तेच उत्तरात लिहून भागणार नाही.

मिसिसागाला आल्यामुळे बाकी काही बिघडलंय का, याची तुम्हाला फार काळजी दिसते. तशी गरज वाटत नाही. पीआर टिकवण्यासाठी ५ वर्षांत ७३० दिवस आणि नागरिकत्वासाठी १,०९५ दिवस कॅनडात हवेत, प्रांत कोणताही चालतो. टॅक्स ३१ डिसेंबरला जिथे राहत होतात त्या प्रांताचा लागतो, आणि तो तुम्ही तसाच भरलाय.

ज्यांचं लँडिंग अजून व्हायचं आहे आणि बेत बदललाय, त्यांनी तो आयआरसीसीला आताच कळवावा. नॉमिनेशन जाण्याची भीती खरी आहे, पण नंतर उघड झालं तर संपूर्ण पीआरच धोक्यात येतो. क्वेबेकने निवडलेल्यांची प्रक्रिया वेगळी आहे, पण हेतूचा प्रश्न त्यांनाही टळत नाही.

तुमच्याकडे १३ दिवस उरले आहेत. उद्याच लेखी मुदतवाढ मागा, कारण म्हणून वकील नेमतो आहे असं लिहा आणि पोच जपून ठेवा. त्याच दिवशी आयआरसीसीकडच्या तुमच्या फाईलच्या नोंदी मागवणारा अर्ज करा. त्यांना साधारण महिना लागतो, कधी जास्तही, त्यामुळे मुदतवाढ नसेल तर त्या उपयोगी पडणार नाहीत. मुदतवाढ मिळेलच असं धरून बसू नका, उत्तराचा मसुदा वकिलाकडून आजपासून दहाव्या दिवसापर्यंत तयार हवा. आणि ऑफरची मेल सापडली की वकिलाला ती मूळ जशी आहे तशी पाठवा, स्क्रीनशॉट नको. तारीख आणि वेळ मूळ मेलमध्येच नीट दिसते.